आधी जेवण, मग खबर

शारकान गल्लीत शिरलेली दिसली की टोकमोक गावातल्या बायकांना आनंद होत नसे. बाई तशी वाईट नव्हती. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, अर्धं गाव तिच्या छड्या खाऊन मोठं झालं, नवरा वारल्यावर एकटीने घर चालवलं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती भरभर चालत येताना दिसली की फाटकाशी उभ्या असलेल्या बायका मनातल्या मनात घरातली माणसं मोजायला लागत. रशियात कोण आहे, वर कुरणात मेंढ्यांबरोबर कोण आहे, इस्पितळात कोण आहे. ती पुढच्या घराकडे वळली की सुटकेचा श्वास टाकत, आणि मग टाकला म्हणून त्यांना लाज वाटे.

कारण मेल्याची खबर सांगायला शारकानला पाठवायचं, अशी गावात रीतच पडून गेली होती.

आमच्याकडे अशी खबर फोनवर सांगत नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्याला काहीतरी निमित्त काढून बोलावून घ्यायचं, चार जवळची माणसं जमवायची, पोटभर जेवू घालायचं, आणि हात धुऊन झाले की जमलेल्यांत वयाने मोठं जे असेल त्याने आडवळणाने विषय काढायचा. घोड्यांचं बोलायचं, घाटातल्या बर्फाचं बोलायचं, आणि शेवटी म्हणायचं, ‘खंबीर हो.’ तेवढं ऐकलं की पुढे फक्त नाव विचारायचं उरतं. आधी जेवण, मग खबर. खबर कळलेला माणूस तीन दिवस अन्नाला शिवत नाही, आणि रडायलाही अंगात ताकद लागते, असं जुनी माणसं सांगत.

शारकान ही रीत पाळत नसे. ती दारात उभी राहून सांगे. चहा नको, बसणं नको, घोडे नकोत आणि बर्फ नको. “बाई, तुझा भाऊ गेला. आज सकाळी. खंबीर हो.” एवढं बोलून समोरचीला धरायला दोन्ही हात पुढे करी. लोक म्हणत, हिच्या छातीत काळीज आहे की धोंडा? पण वेळ आली की तेच लोक तिच्या दाराशी येत, कारण ते तोंड उघडण्याची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती. अशा एकोणीस दारांत ती उभी राहिली होती.

आणखी एक गोष्ट होती. शारकान बेशबार्माक खात नसे. हाताने कापलेल्या शेवया, त्यावर बारीक चिरलेलं मेंढीचं मटण आणि कांद्याचा रस्सा. ज्याच्याशिवाय आमच्याकडे ना बारसं होत ना लग्न, त्याला ती बोट लावत नसे. चहा प्यायची, पाव मोडायची आणि “पोटाला सोसत नाही” म्हणायची. तिच्या पोटाला काही झालं नव्हतं.

झालं होतं ते अठ्ठ्याऐंशी साली. राजधानी बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणत. शिक्षिका व्हायला डोंगरातून आलेल्या चार मुली वसतिगृहाच्या एका खोलीत राहत होत्या. शारकान वर्षाने मोठी, म्हणून बाकीच्या तिला ‘एजे’ म्हणायच्या, म्हणजे ताई. दुसरी बुबूसारा, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिसरी झामिरा, जी भ्याली तरी हसायची आणि मार खाल्ला तरी हसायची. आणि चौथी अनारकुल. ती ठरवायची आणि बाकीच्या ऐकायच्या.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. अकरा जूनला आतबाशीहून तार आली. शारकानची आई गेली होती. तार पडली बुबूसाराच्या हातात. बुबूसाराने ती अनारकुलला दाखवली, आणि अनारकुलने ठरवलं : शेवटचा पेपर चौदाला आहे, तोवर सांगायचं नाही. पेपर बुडला तर वर्ष जाईल. पेपर होऊ दे, रीतीप्रमाणे जेवू घालू, मग वसतिगृहाच्या बाईंना सांगायला लावू. कधी नव्हे तो बुबूसाराच्या तोंडात तीळ भिजला, आणि तोही तीन दिवस.

चौदाला दुपारी पेपर संपवून शारकान खोलीवर आली तर बेशबार्माक तयार. अनारकुलने स्वतः शेवया कापल्या होत्या. शारकान हरखून गेली. इतिहासाच्या मास्तरांची नक्कल करत, बोटं चाटत तिने दोन वाडगे खाल्ले. मग वसतिगृहाच्या बाई पांढरा रुमाल बांधून आत आल्या आणि म्हणाल्या, “खंबीर हो, मुली.”

घरी पोचली तेव्हा आईला माती देऊन दोन दिवस झाले होते. कबरीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. इतिहासात तिला पाचपैकी पाच मिळाले.

वसतिगृहात परतल्यावर तिने तिघींना दोनच प्रश्न विचारले. “तुम्हाला कधी कळलं?” आणि “मी किती वाडगे खाल्ले?” कुणी उत्तर दिलं नाही. तिने खोली बदलली. त्या दिवसापासून ती त्या तिघींच्या पंगतीला बसली नाही. दर पाच वर्षांनी त्या जमत आणि बुबूसारा न चुकता आमंत्रण धाडी. शारकान न चुकता ‘जमणार नाही’ असं कळवी.

यंदाही जून महिन्यातल्या शुक्रवारचं आमंत्रण येऊन पडलं होतं. कॉलेज सुटल्याला पस्तीस वर्षं झाली होती. अनारकुल सोळा वर्षं मॉस्कोत म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करत होती, आणि या जेवणासाठी म्हणून ती सुट्टी काढून येणार होती. गुरुवारी दुपारी बुबूसाराचा फोन आला.

“पत्र मिळालं,” शारकान म्हणाली. “जमणार नाही. सुखाने जेवा.”

“एजे, ठेवू नकोस गं फोन. अनारकुलचा एलदियार गेला.”

तीन मुलींच्या पाठीवर झालेला एकुलता एक मुलगा. चोवीस वर्षांचा. आईला विमानतळावरून आणायला म्हणून एक दिवस आधीच पहाटे नारिनहून निघाला आणि डोलोनच्या घाटात गाडी दरीत गेली.

“तिला माहीत नाहीये,” बुबूसारा रडत सांगत होती. “तिचा नवरा कुबात म्हणतोय, तिथे परमुलखात एकटीला सांगू नका. उद्या अकरा वाजता येतेच आहे. तुम्ही मैत्रिणी आहात, जेवायला बसवा, सांगा आणि घरी घेऊन या. परवा दुपारी माती आहे, तिच्यासाठी थांबलेत. एजे, आमच्यात मोठी तूच. झामिराला तू ओळखतेस, ती हसत सुटेल. आणि माझ्याने नाही होणार.”

शारकानच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला हवं, कारण तिने स्वतःपासूनही ते कधी लपवलं नाही. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, आता कळेल तिला. मग तिला स्वतःची किळस आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

“येते,” ती म्हणाली. “पण मी दारात सांगणार. तिला जेवू घालून नाही.”

शुक्रवारी सकाळी ती मिनीबसने बिश्केकला गेली. बुबूसाराच्या जिन्यातच तळणाचा वास भरून राहिला होता. आत सतरंजीएवढा मोठा कपडा अंथरला होता. त्यावर मुरांबे, साय, मनुका मांडल्या होत्या, आणि स्वयंपाकघरात बुबूसारा पिठाचे चौकोनी बोरसोक तेलात सोडत होती. ती दुप्पट जाड झाली होती. डोळे सुजले होते, त्यावर तिने पावडर थापली होती.

“तळतेस कशाला?” शारकानने विचारलं. सदतीस वर्षांनी मैत्रिणीशी समोरासमोर बोललेलं ते पहिलं वाक्य. “तेलाचा वास घेऊन जिन्यातच समजेल तिला.”

“पाहुणा आला तरी तळतात, मयत झालं तरी तळतात. तिला काय समजणार? तिला वाटेल तिच्यासाठीच तळलंय.” बुबूसाराने झारा खाली ठेवला. “एजे, तुझ्या पाया पडते. तिला जेवू दे. विमानात कालपासून काय खाल्लं असेल? पुढे सहा तासांची वाट, आणि तिथे अंगणात शंभर बायका गळ्यात पडायला उभ्या. उपाशीपोटी आडवी होईल ती.”

“मलाही जेवू घातलं होतंत.”

“हो, घातलं होतं!” बुबूसारा एकदम उसळली. “आणि तू खात होतीस तेव्हा आम्ही तिघी काय करत होतो, ते कधी आठवून बघितलंस? माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. झामिरा खिडकीत जाऊन ओकून आली होती. अनारकुल एकटी तुझ्याबरोबर खात होती, तुला संशय येऊ नये म्हणून. एवढी वर्षं तू तुझे वाडगे मोजलेस. आमच्या वाडग्यांत काय होतं ते बघितलंस कधी?”

शारकानने खरंच कधी बघितलं नव्हतं. तिला तेव्हाचं सगळं आठवत होतं, चिनी मातीच्या वाडग्यावरची निळी रेघसुद्धा. पण समोरच्या तीन चेहऱ्यांच्या जागी काहीच आठवत नव्हतं. ती वळली. रुमाल सारखा केला आणि जाऊन दाराशी उभी राहिली.

बारा वाजता जिन्यात, विमानतळावर गेलेल्या झामिराचं हसणं ऐकू आलं. मोठमोठ्याने, नको तिथे, नको तेवढं. दार उघडलं. झामिराच्या मागे दोन बॅगा घेऊन अनारकुल उभी होती. वाळलेली, केसांना लालसर रंग लावलेली. फरशी धुवायच्या पावडरीने हातांची सालं निघाली होती. शारकानचे शब्द अगदी ओठांशी आले होते.

अनारकुलने बॅगा जिन्यातच टाकल्या.

“एजे!” ती ओरडली. “एजे, तू? तू आलीस?” आणि शारकानच्या गळ्यात पडून ती लहान पोरीसारखी रडायला लागली. “आलीस तू! जीव ओवाळून टाकते गं तुझ्यावरून! झामिरा, सटवे, गाडीत एक अक्षर बोलली नाहीस!”

“म्हटलं होतं ना, गंमत आहे तुझ्यासाठी,” झामिरा म्हणाली आणि पुन्हा हसली. हसता हसता तिचे डोळे शारकानकडे लागले होते, आता बोलते की मग, अशा भयाने.

अनारकुलचं डोकं शारकानच्या खांद्यावर होतं. तिच्या केसांना विमानाचा, परक्या साबणाचा वास येत होता. शारकानने तोंड उघडलं. मग मनाशी म्हणाली, बसू तर दे तिला. निदान बसली की सांगते. एकोणीस दारांत जे कधी झालं नव्हतं ते विसाव्यात झालं. त्या एकोणिसांतलं एकही माणूस तिच्या जवळचं नव्हतं, हे तिच्या आजच ध्यानात आलं.

त्या बसल्या. झामिराने तस्त आणि झारी आणली, हातांवर पाणी घातलं. चहा आला. अनारकुलच्या जिभेला विश्रांती नव्हती.

“माझी म्हातारी एक्याण्णव वर्षांची आहे. रोज सकाळी मला म्हणते, अन्या, मी आज मरणार. मी म्हणते, आज नको, आज कपडे धुवायचेत. निघताना म्हणाली, तू परत येईपर्यंत मी काही जात नाही. बघा, मरायलासुद्धा माझी परवानगी लागते!” ती हसली. मग झामिराकडे वळली. “पण एलदियार का नाही आला गं? गाडीत तू नीट सांगितलं नाहीस.”

“गाडी... बिघडली,” झामिरा म्हणाली. “कोचकोरला आहे. दुरुस्तीला.”

“त्या खटाऱ्याला? मी त्याला शंभरदा सांगितलं, बापाचा तो डबा एकदाचा दरीत ढकलून दे!”

बुबूसारा उठून स्वयंपाकघरात गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. झामिरा यावेळी हसली नाही.

“फोन दे माझा,” अनारकुल म्हणाली. “त्याला आवाज तरी ऐकवते. पोहोचले म्हणून सांगते.”

“नवीन सिम टाकलंय, सुरू व्हायला तास लागतो,” झामिरा म्हणाली. फोन तिच्या पिशवीत तळाशी होता, बंद केलेला. सकाळपासून त्यावर सांत्वनाचे निरोप येऊन पडत असणार हे तिघींनाही माहीत होतं. फार वेळ हातात नव्हता. सांगायचं ते आता सांगायला हवं होतं, नाहीतर ते यंत्र सांगणार होतं.

पण अनारकुल बॅग उघडून बसली होती. मुलासाठी राखी रंगाचा कोट आणला होता. तिने तो बाहेर काढला, हवेत धरला, बाह्या ताठ केल्या. सप्टेंबरात लग्न होतं. “खांदे बरोबर असतील ना गं? मी फोनवर त्याला दोरीने मोजायला लावलं होतं. मेला म्हणतो, आई, मी काय घोडा आहे?” सुनेच्या डोक्यावर घालायचा पांढरा रुमालही तिने दाखवला. तो दाखवताना मात्र ती हसली नाही, हळूच परत घडी घालून ठेवला.

मग बुबूसाराने परात आणली. वाफा निघत होत्या. मोठी म्हणून मानाचं हाड शारकानच्या पुढे आलं. तिने ते उचलून अनारकुलच्या वाडग्यात ठेवलं.

“नाही,” अनारकुल म्हणाली. तिने हात मांडीवर ठेवले. “एजे, आधी तू. सदतीस वर्षं तू आमच्या पंगतीला बसली नाहीस. आज आलीस, पण नुसती बसून जाशील तर मला कळणार नाही. तू खाल्लंस तर मी समजेन, माफ केलंस. नाहीतर मीही बोट लावणार नाही.”

तिघींची नजर शारकानवर होती. रश्शाचा वास तिच्या नाकात गेला. तिने बोटांनी शेवया गोळा केल्या, मटणाचा तुकडा घेतला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा घास घेतला. अनारकुलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने आपला वाडगा ओढला.

ती भुकेलेली होती. बुबूसारा म्हणाली ते खरंच होतं. परमुलखात बाई स्वतःसाठी कशाला शेवया कापत बसेल? ती खात होती आणि खाता खाता बोलत होती.

“तेव्हा मला वाटलं होतं, तुला मी तीन दिवस जास्तीची आई देतेय. तू रोज म्हणायचीस, पेपर संपले की घरी जाणार, आई लोणी काढून ठेवणार. म्हटलं, राहू दे तिला तेवढं. पेपराचं निमित्त होतं गं. खरं हेच होतं.” तिने हाडावरचं मांस ओरबाडलं. “एलदियार झाला तेव्हा कळलं. ते तीन दिवस तुझे होते. द्यायचे की नाही हे ठरवणारी मी कोण? माझ्या लेकराचं असं कुणी माझ्यापासून लपवलं असतं तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. आणि तू बघ, येऊन बसलीस.”

शारकानच्या तोंडात घास होता. बोलायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती आणि याहून वाईटही मिळणार नव्हती. तिने घास गिळला.

“अनारकुल,” ती म्हणाली.

अनारकुलने रिकामा वाडगा पुढे केला. “वाढ, एजे. तुझ्या हातून वाढ.”

आणि शारकानने वाढलं. हा एवढा वाडगा होऊ दे, असं म्हणून वाढलं. मटणाचे मऊ तुकडे निवडून वाढले. एखाद्याचं पोर अजून जिवंत आहे, आणि ते जिवंत असणं आपल्या दोन शब्दांवर टांगलेलं आहे, अशा वेळी हात काय करतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. हात वाढतो. बुबूसाराने आणि झामिराने आपले वाडगे हातात धरले होते. त्यांच्यातल्या शेवया तशाच थिजत होत्या. आज शारकानला ते वाडगे दिसले.

दुसरा वाडगा संपला. पुन्हा हातांवर पाणी घातलं. आता दुवा मागायची, की जेवण संपलं. मोठी शारकान होती. तिने दोन्ही तळवे समोर उघडले. बाकीच्यांनी उघडले. अनारकुलनेही उघडले, आणि आता काहीतरी चांगलं कानावर पडणार म्हणून ती तोंडभर हसून वाट बघत राहिली.

“अनारकुल,” शारकान म्हणाली. “खंबीर हो.”

अनारकुलचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. तळवे उघडेच होते.

“कुबात?” ती म्हणाली. “कुबात ना? त्याचा रक्तदाब... एजे, कुबातच ना? सांग ना, कुबातच म्हणून!”

“एलदियार,” शारकान म्हणाली. “काल पहाटे. डोलोनच्या घाटात. तुला आणायला निघाला होता.”

बुबूसाराने भिंतीकडे तोंड केलं आणि रीतीप्रमाणे आक्रोश सुरू केला. झामिरा तिच्या शेजारी जाऊन बसली. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळत नव्हतं. शारकानने धरायला दोन्ही हात पुढे केले. अनारकुलने ते हात बघितले.

“काल,” ती म्हणाली. “तुला कधी कळलं?”

“काल दुपारी.”

“मी दारात आले तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“मी खात होते तेव्हा.”

“हो.”

“तू वाढत होतीस.” अनारकुलने पुढे पडलेल्या कोटाकडे बघितलं. “मी किती खाल्लं?”

सदतीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. शारकानने दिलं.

“दोन वाडगे.”

अनारकुल उठली. मोरीत गेली आणि नळाखाली हात धरून घासायला लागली. नळाचं पाणी थंड होतं. थंड पाण्याने मेंढीची चरबी निघत नाही, उलट बोटांवर पांढरी थिजते. ती नखांनी खरवडत होती. सालं निघालेल्या हातांतून रक्त यायला लागलं. वसतिगृहाच्या मोरीत शारकानने हेच केलं होतं आणि तेव्हा कुणी जवळ आलं नव्हतं. तिने किटलीतलं गरम पाणी तांब्यात ओतलं, विसण घातलं आणि शेजारी उभी राहिली. अनारकुलने तिच्याकडे न बघता हात पुढे केले. शारकान पाणी घालत राहिली.

दीड वाजता नारिनला निघाल्या. गाडी झामिरा चालवत होती. अनारकुल मुद्दाम पुढे बसली, म्हणजे शारकानशेजारी बसायला नको. मांडीवर कोट होता. बूमची खिंड मागे पडली. कोचकोरच्या बाजारात रस्त्यालगत एक गाडी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. तिथे तिने मान वळवून बघितलं आणि झामिराने गाडीचा वेग वाढवला. मागे बुबूसारा तोंडात रुमाल कोंबून रडत होती. शारकानच्या पोटात दुपारचं अन्न धोंड्यासारखं बसलं होतं, पण उलटी झाली नाही. व्हावी असं तिला फार वाटत होतं.

डोलोनच्या घाटात एका वळणावर कठडा तुटला होता. कुणीतरी तिथे दगडांची छोटी रास रचून तिला फडकं बांधलं होतं.

“थांब,” अनारकुल म्हणाली.

ती उतरली. कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. झामिरा मागोमाग धावली आणि तिचा झगा धरून ठेवला. खाली ओढ्याचं पाणी दिसत होतं, बाकी काही नव्हतं. गाडी काढून नेली होती. वाऱ्याने अनारकुलचे लाल केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूला केले नाहीत. बऱ्याच वेळाने परत आली आणि मागचं दार उघडलं. बुबूसारा निमूट उतरून पुढे गेली. अनारकुल शारकानच्या शेजारी बसली. कोट तिने दोघींच्या मधे ठेवला.

गाडी उतार उतरायला लागली. पलीकडच्या खोऱ्यात मेंढ्यांचे कळप घरी वळत होते. आता तासाभरात अंगणात मयतासाठी उभारलेला तंबू दिसणार होता आणि तंबूबाहेर काठ्यांवर वाकून मोठ्याने रडणारे पुरुष.

“एजे,” अनारकुल म्हणाली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. “त्यानंतर परत ते कधी खाल्लंस तू? बेशबार्माक. किती दिवसांनी?”

शारकानने कोटाच्या बाहीवर हात ठेवला.

“आज,” ती म्हणाली.